काठी खाली येते तेव्हा

पुणे–नाशिक रस्त्याने मोशी मागे टाकली, इंद्रायणीचा पूल ओलांडला, की थोड्याच वेळात कुरुळी फाटा येतो. या रस्त्यावर भल्या सकाळपासून कंटेनर, कंपन्यांच्या बसगाड्या आणि नव्याकोऱ्या मोटारी लादलेले लांबलचक ट्रेलर यांची रांग असते. २०१६ साली त्या रांगेतून कशीबशी सुटका करून घेऊन मी माझी वीस वर्षांची, तिसऱ्या हाताने विकत घेतलेली मर्सिडीज एका पत्र्याच्या शेडसमोर उभी केली. पाटीवर 'ऑटो इलेक्ट्रिकल्स, बॅटरी, सेल्फ, डायनॅमो' एवढंच लिहिलेलं. आतून साठीच्या पुढचे वायरमन आले. तिथली पोरं त्यांना मामा म्हणत होती, म्हणून मीही तेच म्हणू लागलो. त्यांनी बोनेटकडे पाहिलं नाही, चाकांकडे पाहिलं नाही. सरळ मागे गेले, डाव्या मडगार्डवर बोट ठेवलं आणि विचारलं, "काठी कुणी मोडली?"

काठी म्हणजे एरियल, म्हणजेच अँटेना. मडगार्डमधून दीड बोट उंचीचं एक वाकडं खोड तेवढं वर राहिलं होतं. मी हकिकत सांगितली. मूळची काठी माझ्याकडे गाडी आली तेव्हाच आत अडकून बसली होती. शहरातल्या एका ॲक्सेसरीच्या दुकानातून मी नवी मोटारवाली काठी बसवून घेतली. चावी फिरवली की ती मोठ्या डौलात वर जायची. खाली मात्र कधी आलीच नाही. दुकानदार म्हणाला, मोटार कमजोर आहे, चालू द्या. मीही चालू दिलं. दिवसरात्र उभी असलेली ती काठी शेवटी याच फाट्यावर एका टेम्पोच्या ताडपत्रीच्या दोरीत अडकली आणि गेली. आता मागच्या सीटवर दुसरी नवी काठी खोक्यात होती. तिला तीन वायरी होत्या. माझा रेडिओ म्हणजे आधीच्या कुणा मालकाने बसवलेला जुना कॅसेटवाला टेप होता, आणि त्याला त्या तिघींपैकी एकीलाही जोडता येईल अशी जागा मला दिसत नव्हती.

मामांनी खोका उघडून वायरी बोटावरून फिरवल्या आणि म्हणाले, "साहेब, काठी वर कशी जाते हे सगळ्यांना कळतं. खाली कशी येते ते कुणी विचारत नाही."

ते काम व्हायला चार दिवस लागले. त्या चार दिवसांत आणि नंतर बरेच महिने मी या काठीच्या मागे लागलो. मोटारीला काठी लागलीच कशासाठी, ती वरखाली करण्याचं काम आधी कुणाकडे होतं, मग कुणाकडे गेलं, हे शोधत गेलो. जे हाती लागलं ते इथे मांडतो.

सुरुवातीला मोटारीवर काठी नव्हतीच. १९३० साली शिकागोच्या गॅल्विन मॅन्युफॅक्चरिंग कंपनीने मोटारीत बसवायचा रेडिओ बाजारात आणला आणि त्याला 'मोटोरोला' असं नाव दिलं. मोटार, आणि तेव्हाच्या ग्रामोफोनच्या नावांत असायचा तो 'ओला'. पुढे कंपनीनेच ते नाव घेतलं, आणि गाडीच्या अँटेनाच्या टोकाला जी जाडसर पिन असते तिला अजूनही मोटोरोला पिन म्हणतात. मोबाईलवाल्या कंपनीचा हा गाडीतला अवशेष बुधवार पेठेतल्या दुकानात आजही दहा-वीस रुपयांत मिळतो. १९३२ मध्ये जर्मनीत ब्लाऊपुंक्टने एएस ५ नावाचा रेडिओ काढला. त्याची किंमत ३६५ राइशमार्क होती, म्हणजे छोट्या मोटारीच्या किमतीचा साधारण तिसरा हिस्सा. आत व्हॉल्व्ह. त्यांना लागणारा जादा दाब बॅटरीतून मिळवण्यासाठी एक सतत गुणगुणणारा व्हायब्रेटर. गाणं ऐकायचं ते त्या गुणगुणीच्या वरून.

त्या काळच्या मोटारींचं छप्पर लाकडी सांगाड्याचं असे आणि वर कापड किंवा कातडं ताणलेलं असे. त्यामुळे अँटेना लपवायला छपरासारखी जागा नव्हती. कापडाच्या आत कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशी तारेची जाळी ताणायची आणि तिचं टोक रेडिओला जोडायचं. बाहेर काही दिसत नसे. ही सोय पाचएक वर्षं टिकली. जनरल मोटर्सने १९३५च्या मॉडेलांना एकसंध पोलादी पत्र्याचं छप्पर दिलं, त्याला 'टरेट टॉप' म्हणून मिरवलं, आणि बाकीच्यांनाही तेच करावं लागलं. छप्पर मजबूत झालं, पावसात गळायचं थांबलं आणि आतला रेडिओ बहिरा झाला. लोखंडी पेटीच्या आत लहरी पोचत नाहीत. मग अँटेना कधी फुटबोर्डखाली, चिखलात बांधली गेली, आणि शेवटी पत्र्याला भोक पाडून बाहेर आली. गाडीवरची काठी ही छपराच्या सुधारणेची भरपाई आहे असं म्हणायला हरकत नाही.

ही काठी किती उंच असावी याचं गणित मला फार आवडतं, कारण त्यात आपलं पुणे केंद्र आहे. आकाशवाणी पुणे मध्यम लहरींवर ७९२ किलोहर्ट्झवर. या लहरीची लांबी सुमारे ३७९ मीटर. अँटेना नीट 'सुरात' असायची तर तिची उंची लहरीच्या चौथ्या हिश्शाइतकी हवी, म्हणजे जवळजवळ ९५ मीटर. तीस मजली इमारत गाडीवर घेऊन फिरावं लागेल. तेव्हा गाडीवरची मीटरभर काठी पुणे केंद्रासाठी अँटेना या नावाला जेमतेम पात्र आहे. ती हवेतला विजेचा दाब चाचपणारं बोट आहे, बस. उलट १०१ मेगाहर्ट्झवरच्या एफएमची लहर तीन मीटरांची, तिचा चौथा हिस्सा ७४ सेंटिमीटर. एफएमसाठी गाडीची काठी अगदी मापाची. गंमत अशी की काठी आली मध्यम लहरींच्या जमान्यात, जेव्हा ती कितीही उंच केली तरी तोकडीच होती, आणि एफएम घरोघरी पोचेपर्यंत तिचे दिवस भरत आले होते.

तोकड्या काठीमुळे एक नाजूकपणा येतो आणि तो वायरमन लोकांना पुस्तकाशिवाय माहीत असतो. काठीने पकडलेला दाब इतका क्षीण असतो की काठीपासून रेडिओपर्यंतची केबलच त्यातला मोठा वाटा गिळते. म्हणून गाडीच्या अँटेनाची जुनी केबल कापून पाहिली तर आत केसासारखी बारीक तार एका पोकळ नळीत सैल सोडलेली दिसते. टीव्हीच्या केबलसारखी भरीव नसते. ती टीव्हीची केबल जोडून लांबी वाढवली, की पुणे केंद्र गेलंच म्हणून समजा. आणि म्हणूनच जुन्या रेडिओच्या अंगावर, कधी पुढच्या नॉबच्या मागे दडलेला, एक छोटा स्क्रू असतो, ट्रिमर नावाचा. डायलच्या वरच्या टोकाला, १४००च्या आसपास, एखादं अंधुक स्टेशन लावायचं आणि आवाज सर्वांत मोठा येईपर्यंत तो स्क्रू अर्धा-पाव फेरा फिरवायचा. काठी बदलली, केबल बदलली की हे पुन्हा करावं लागतं. नव्या काठीनंतर रेडिओ 'पूर्वीसारखा पकडत नाही' ही तक्रार ज्यांनी केली असेल, त्यांच्यातल्या निम्म्यांचा तरी हा स्क्रू कुणी फिरवलेला नसतो.

आपल्याकडे मोटारीतला रेडिओ बराच काळ श्रीमंतीची खूण होता. मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ला सुरू झालं, पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ला. रेडिओ बाळगायला परवाना लागे. १८८५चा तारकायदा आणि १९३३चा बिनतारी संदेशवहन कायदा यांच्या आधाराने तो पोस्टात मिळे, पुस्तिकेवर दरवर्षी पैसे भरून नूतनीकरण करून घ्यावं लागे. १९८०च्या दशकाच्या मध्यात हा परवाना गेला. १९५५च्या रामनवमीला पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झालं तेव्हा घरात रेडिओ असणाऱ्यांच्या ओटीवर शेजारीपाजारी जमत. अशा गावात मोटारीत रेडिओ असणं म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघणारी फियाट असो की अँबॅसडर, रेडिओ बहुधा नंतर बसवून घेतलेला असे. काठी पुढच्या मडगार्डवर किंवा काचेच्या खांबालगत. ती एकात एक बसणाऱ्या चकचकीत नळ्यांची असे आणि हातानेच ओढायची असे. ओढणार कोण? गाडीला ड्रायव्हर असेल तर ड्रायव्हर. तो दार उघडून बाहेर उभा राहून काठी ओढायचा, मग मालक बसायचे. मालक स्वतः चालवत असतील तर घरातला मुलगा. १ नोव्हेंबर १९६७पासून मुंबई-पुणे-नागपूर केंद्रांवर विविध भारतीच्या जाहिराती सुरू झाल्या, गाड्यांतही गाणी वाजू लागली. बाळ ज. पंडितांचं मराठीतलं क्रिकेटचं समालोचन ऐकायला गाडी सावलीत लावून, काठी पूर्ण ओढून चार माणसं बोनेटला टेकलेली, हे दृश्य ज्यांनी पाहिलंय त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. आणि गाडी तशीच उभी करून मालक आत गेले की गल्लीतली पोरं काठीला हात घालणार. मोडलेल्या एरियलचं वरचं पेर आमच्या शाळेत एका सरांकडे नकाशा दाखवायला होतं. नकाशा संपला की त्याचा दुसरा उपयोग होई.

काठी खाली करायला विसरणं हा तेव्हाचा सार्वत्रिक अपराध. वर करणाऱ्याला गाणं ऐकायचं असतं, म्हणून ती वर जातेच. खाली करण्यात कुणाचा काही लाभ नसतो. घरी पोचलेला माणूस थकलेला असतो. हाताने ओढायच्या काठ्या बहुतेक अशाच मोडल्या, ऐकताना क्वचितच.

मोटारवाली काठी निघाली ती या विसराळूपणावर उतारा म्हणून. १९४०च्या आसपास अमेरिकेतल्या महागड्या गाड्यांत इंजिनाच्या निर्वातावर वरखाली होणारी काठी आली. वायपरही तेव्हा त्याच निर्वातावर चालत. मग विजेची मोटार. तिच्या पहिल्या तऱ्हेत डॅशबोर्डवर एक बटण असे, वर आणि खाली. दोनच वायरी. बटण एका बाजूला दाबलं की मोटार सुलट फिरायची, दुसऱ्या बाजूला दाबलं की करंट उलटा होऊन मोटारही उलटी. आत नायलॉनची दात असलेली दोरी एका चकतीवर गुंडाळलेली असते. ती पुढे ढकलली गेली की नळ्या एकातून एक वर जातात, ओढली गेली की खाली. ही काठी जुन्या रेडिओला जोडावी लागतच नाही. बटण वेगळं, रेडिओ वेगळा. पण खाली करायचं लक्षात ठेवणं अजून माणसाकडेच होतं, फक्त त्याला दारातून बाहेर यावं लागत नव्हतं.

दुसरी तऱ्हा पूर्ण स्वयंचलित. रेडिओ लावला की काठी आपणहून वर, बंद केला की आपणहून खाली. तिला तीन वायरी लागतात, आणि सगळा घोळ तिथेच होतो. लाल वायर बॅटरीची, कायम जिवंत, मध्ये फ्यूज. काळी वायर बॉडीला, अर्थिंगची. तिसरीचा रंग बनवणाऱ्याच्या मर्जीवर, कधी हिरवी, कधी पांढरी, कधी निळी. ती मोटारीला ताकद देत नाही, नुसता निरोप देते. रेडिओ चालू असेपर्यंत तिच्यात १२ व्होल्ट असतात, मोटारीजवळचा रिले ते पाहतो आणि लाल वायरीतला करंट मोटारीला सोडतो. निरोप थांबला की रिले करंट उलटा करतो आणि काठी खाली येते. नव्या रेडिओंना या निरोपासाठी मागे निळी वायर दिलेली असते. ती फार तर काही शे मिलिअँपिअर देऊ शकते. मोटारच तिच्यावर लटकवली तर रेडिओच्या आतला एक लहानसा भाग क्षणात जळतो.

आता मामांचं वाक्य मला लागलं. काठी खाली येते ती सगळं बंद झाल्यावर. रेडिओ बंद, चावी काढलेली, माणूस उतरून निघालेला. त्या वेळी गाडीत कुठेतरी करंट जिवंत असेल तरच ती खाली येऊ शकते. माझ्या दुकानदाराने लाल आणि तिसरी अशा दोन्ही वायरी एकत्र पिळून चावीच्या करंटवर बांधल्या होत्या. चावी फिरवली की दोघींना करंट, काठी वर. चावी काढली की दोघी मेल्या. रिलेला कळलंच की आता खाली आणायचं, पण आणायला हातात काही नाही. मोटार कमजोर वगैरे काही नव्हती. तिला परत येण्याचा खर्च कुणी दिला नव्हता.

ही गाडी इथे कशी आली ते सांगितल्याशिवाय पुढचं नीट समजणार नाही. मर्सिडीजचा तारा पिंपरी-चिंचवडच्या लोकांनी मोटारींच्या आधी ट्रकवर पाहिला. टेल्को आणि डाइमलर-बेंझ यांचा ट्रकसाठीचा करार १९५४चा, जमशेदपूरचा. तो १९६९मध्ये संपला, पण 'टाटा मर्सिडीज' हा शब्द ड्रायव्हर लोकांच्या तोंडी नंतरही बरीच वर्षं राहिला. मर्सिडीज-बेंझ इंडिया १९९४ साली स्थापन झाली आणि १९९५पासून टेल्कोच्या पिंपरीच्या आवारात ई-क्लास जुळवली जाऊ लागली. मालिकेचं नाव डब्ल्यू १२४. जर्मनीत ही मालिका १९८४पासून चालू होती आणि तिची जागा घेणारी गाडी तिथे १९९५मध्ये आलीही होती. म्हणजे जुनी होत चाललेली गाडी आपल्याला नवी म्हणून मिळाली. तेव्हा यावर नाकं मुरडली गेली. मला त्यात तक्रार नाही. तीस वर्षांनीही हातोडी-पाना घेऊन जिच्याशी बोलता येतं अशी ती बहुधा शेवटची मर्सिडीज.

या मालिकेत अँटेना मागच्या डाव्या मडगार्डात. मोटार डिक्कीच्या आत बाजूला, रेडिओ पुढे डॅशबोर्डात, आणि दोघांना जोडणारी केबल आणि निरोपाची वायर गाडीभर गालिच्याखालून. मागे असण्याचा फायदा असा की इंजिनातल्या ठिणग्यांचा कडकडाट काठीपासून लांब राहतो. तोटा म्हणजे केबल लांब, मध्यम लहरींची गळती जास्त. अशा काठ्या बनवणाऱ्यांत जर्मनीतल्या एस्लिंगनच्या हिर्शमनचं नाव मोठं. १९२४मध्ये सुरू झालेली ही कंपनी, आणि आपल्या कॉलेजच्या फिजिक्सच्या प्रयोगशाळेत वायरीच्या टोकाला जी बनाना पिन असायची तीही मुळात तिचीच.

२००९मध्ये मर्सिडीजने पिंपरी सोडली आणि चाकण एमआयडीसीच्या तिसऱ्या टप्प्यात स्वतःचा कारखाना उभा केला. त्याच्या पत्त्यात गावांची नावं आहेत ती कुरुळी आणि निघोजे. त्याच वर्षी मार्चअखेरीस शेजारीच फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला. देहू आणि आळंदी यांच्या मधल्या या पट्ट्यात एके काळी बाजरी आणि कांदा होता, आणि कांद्याचा बाजार चाकणला अजून आहे. म्हणजे माझी गाडी जिथे जन्मली तिथून पंधराएक किलोमीटरवर ती दुरुस्तीला आली होती, आणि तिचा कारखानाही तिच्यामागून त्याच गावात येऊन राहिला होता. फक्त तिथून बाहेर पडणाऱ्या गाड्यांवर आता काठी नव्हती. अँटेना मागच्या काचेत छापलेल्या बारीक रेषांत गेली होती आणि छपरावर माशाच्या परासारखा एक तुकडा उरला होता. काचेत तार घालायची कल्पनाही तशी जुनीच, पाँटिॲकने १९६९च्या ग्रां प्रीमध्ये पुढच्या काचेत ती घातली होती. कापडी छपरातली जाळी पोलादाने बाहेर काढली, ती शेवटी काचेतून पुन्हा आत शिरली.

मामांनी कामाला सुरुवात केली ती डॅशबोर्डमधून टेप बाहेर ओढून. जुना, व्हॉल्यूमच्या नॉबलाच चालू-बंद असलेला टेप. मागे करंटची एक वायर, अर्थिंग, स्पीकरच्या चार. निळी वायर नाहीच. ज्या काळात हा टेप बनला तेव्हा काठी माणूस ओढायचा. रेडिओने कुणाला काही कळवायची गरजच नव्हती.

मग मामांनी टॉर्च दातात धरून त्या पोकळीत हात घातला आणि जरा वेळाने इन्सुलेशन टेप गुंडाळलेलं एक टोक बाहेर काढलं. रंग उडालेली बारीक वायर. आधीच्या कुणी मूळ रेडिओ काढताना ती कापून, टेप लावून मागे सारली होती. मामांनी डिक्कीतलं अस्तर काढलं, मोटारीच्या जागेजवळ लोंबणारं दुसरं टोक शोधलं, एका टोकाला बॅटरी दाखवली आणि दुसऱ्या टोकाला टेस्ट लॅम्प. लॅम्प लागला.

"कंपनीची वायर हाय साहेब. वीस वरसं पडून हाय, पण तुटली न्हाई."

पिंपरीत कुणीतरी गालिच्याखालून ती वायर नीट ताणून, पट्ट्यांत अडकवून ठेवली होती. दुकानदाराने तिच्याकडे न पाहता नवी वायर दाराच्या कडेने आणली होती. माझी मान जरा खाली गेली, कारण त्या नव्या वायरीचे पैसे मी घासाघीस न करता दिले होते.

पुढचं काम असं झालं. टेपचं झाकण उघडून नॉबमधल्या स्विचच्या पलीकडे, जिथे टेप चालू असतानाच करंट असतो, तिथून मामांनी सोल्डरने एक बारीक वायर काढली. डायलच्या दिव्याला करंट तिथूनच जात होता. ही वायर थेट मागे न नेता आधी एका लहान रिलेच्या कॉइलला दिली. कॉइल बंद होताना उलटा झटका मारते, तो टेपमध्ये शिरू नये म्हणून तिच्यावर एक डायोड आडवा लावला. रिलेने पुढे कंपनीच्या जुन्या वायरीत १२ व्होल्ट सोडायचे. मी विचारलं की काठीच्या डब्यात रिले आहेच, मग हा दुसरा कशाला. मामा म्हणाले, खोक्यावर काय लिहिलंय त्यापेक्षा आत काय भरलंय ते वेगळं असू शकतं. टेप जुना, स्विचचे काँटॅक्ट झिजलेले, त्याच्यावर जेवढं कमी ओझं तेवढं बरं. लाल वायर डिक्कीतून पुढे बॅटरीच्या कायमच्या करंटवर, फ्यूज घालून. काळीसाठी त्यांनी मडगार्डच्या आतला रंग पॉलिशपेपरने खरवडून पत्रा उघडा केला आणि काठीची बैठक तिथे घट्ट आवळली. काठीला गाडीची बॉडी नीट लागली नाही तर अर्धी अँटेना गैरहजर राहते. लोक नव्या रंगाला जपतात आणि रेडिओला शिव्या देतात.

एकच अडचण राहिली. नव्या काठीसोबतचं रबर सपाट पत्र्याचं होतं, आणि या गाडीचं मडगार्ड उतरतं. काठी तिरकी बसत होती, आणि तिरकी काठी खाली येताना स्वतःच्याच नळीत अडकते. शिवाय भोकातून पाणी डिक्कीत जाणार. मामांनी मला चिखलीच्या कुदळवाडीला पाठवलं.

ज्यांनी कुदळवाडी पाहिली नाही त्यांना ती सांगणं अवघड आहे. एकरच्या एकर पत्र्याची शेडं, आणि प्रत्येक शेडात एकेका धंद्याचं भंगार. पिंपरी, भोसरी, चाकणच्या कारखान्यांतून जे बाहेर पडे ते इथे येऊन वर्गवारी होऊन पुन्हा कुणाच्या तरी कामाला लागे. तासाभराने मला एका ढिगाऱ्यात माझ्या गाडीच्या जातीचं मडगार्ड सापडलं, अपघातात चेपलेलं, पण उतरत्या कोनाचं रबर आणि त्याखालची पाणी काढून देणारी नळी शाबूत. दुकानातल्या पोराने पक्कडीने ते सोडवून दिलं आणि विचारलं, मोटार पण आहे, घेता का? मडगार्डाच्या पोटात मूळची मोटार होती, काठी तुटलेली, दोरी तुटलेली. दोनशे रुपये. मी घेतली, आणि मामांनी ती पुसून रंगाच्या रिकाम्या डब्यात टाकली. "दात शाबूत हायेत. कधीतरी लागंल."

चौथ्या दिवशी संध्याकाळी टेप लावला. काठी वर गेली. मामांनी डायल वरच्या टोकाला नेऊन खरखरीत अडकलेलं एक स्टेशन पकडलं आणि ट्रिमरचा स्क्रू हळूहळू फिरवला, एकदा पुढे जाऊन परत मागे. मग ७९२ लावलं. बातम्या चालू होत्या. शेजारून कंटेनर जात होते आणि आवाजात त्यांच्या इंजिनाची थोडी कुरकुर येत होती, पण शब्द न् शब्द कळत होता. मी आनंदाने चावी काढली आणि दाराकडे वळलो. मामांनी माझा दंड धरला. "थांबा. ऐका."

मागून मोटारीची बारीक घुर्र आली. सहा-सात सेकंद. मग दोरी टोकाला लागल्याचे दोन ठोके. मामांनी मडगार्डवर तळवा फिरवला. सपाट.

२०२५च्या फेब्रुवारीत महापालिकेने कुदळवाडीतली हजारो शेडं पाडली. अनधिकृत होती, आगी लागत, प्रदूषण होई. या गोष्टी खऱ्या आहेत आणि तिथल्या धुरात राहणाऱ्यांनी त्या सोसल्या आहेत. पण त्यानंतर मागच्या पावसाळ्यात माझ्या काठीची नायलॉनची दोरी तुटली तेव्हा मला कुठे जायचं ते सुचेना. नवीन खोका मागवला तर पुन्हा सपाट रबर, पुन्हा नुसता रंगीत कागद. कुरुळीला गेलो. शेडसमोरचा रस्ता रुंदीकरणाच्या खुणांनी भरला होता, पाटी एक हात मागे सरकली होती. मामांचा मुलगा आता बॅटऱ्यांचं बघतो. त्याला मी काठी म्हटल्यावर कळलं नाही. अँटेना म्हटल्यावर तो छपराकडे बघू लागला.

मामा आत खुर्चीवर बसले होते. मडगार्डाकडे एकदा पाहून त्यांनी मुलाला फळीवरचा रंगाचा डबा काढायला सांगितला.